उस्तादांचा लाकडी चाकू

सफरचंद कापायचं असलं तरी सावंत उस्ताद आधी एक गिरकी घ्यायचे. उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब करायचे, जागच्या जागी सावकाश गोल फिरायचे, आणि हाताच्या टप्प्यात कुणी माणूस नाही अशी खात्री झाली की मगच कमरेच्या म्यानाचं बटण उघडायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बोरिवलीच्या इमारतीत, गच्चीवरच्या सत्यनारायणाला. बायका प्रसादाची फळं चिरत बसल्या होत्या. मदतीला आलेला हा उंच, वाळका म्हातारा मध्येच हात पसरून फिरला. कुणीतरी ओरडलं, "सावंत, गरबा नवरात्रात हो!" सगळे हसले. ते हसले नाहीत. "घेर बघतंय," एवढंच म्हणाले आणि केळ्याच्या अशा चकत्या पाडल्या की सगळ्या एका जाडीच्या.

घेर म्हणजे हात आणि चाकू मिळून जिथवर पोचतील तेवढं वर्तुळ. त्यात आपल्याशिवाय कुणी नको. त्यांचा हा पहिला नियम होता. दुसरा नियम चाकू देण्याघेण्याचा. मूठ समोरच्याकडे करून धरायची, आणि समोरचा मोठ्याने "घेतला" म्हणेपर्यंत सोडायची नाही.

"होते", "करायचे" असं लिहिते आहे, पण उस्ताद आहेत. आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की क्रियापद आपोआप मागे जातं, आणि ते तसं जाण्यात माझा थोडा हात आहे.

ते मूळचे मालवणकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे बरीच वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम पाहत होते. तेही सुटल्यावर त्यांनी रविवारी मुलांना रानात राहायला शिकवणं सुरू केलं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही उस्ताद म्हणायचो. आयुष्यभर मुलखाबाहेर राहूनही त्यांनी मालवणी सोडली नव्हती. आम्हाला कळो न कळो, ते त्यातच बोलायचे.

मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. घरी एकटी बसून परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघायचे. बर्फात एकटा माणूस, हातात एक चाकू, आणि त्या एका चाकूवर तो घर उभारतो, आग पेटवतो, मासे साफ करतो. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडायचं. साठवलेल्या पैशातून मी तसाच एक चाकू ऑनलाइन मागवला होता. काळाकुट्ट, पाठीवर करवतीसारखे दात, आणि पोकळ मुठीच्या टोकाला छोटं होकायंत्र.

पहिल्या रविवारी आम्ही सातआठ जण मार्वेच्या जेट्टीवरून होडीने मनोरीला गेलो. उस्तादांच्या ओळखीच्या कुटुंबाची तिथे वाडी होती. माड, बांबूचं बेट आणि मागे सुरूची झाडं. सगळ्यांचे चाकू त्यांनी जेट्टीवरच काढून घेतले आणि पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. होडीतल्या मासळीवाल्या मावशीने विचारलं, "काय रे, पेटीत खजिना हाय काय?"

"पोरांची अक्कल आसा," उस्ताद म्हणाले. "पोचल्यावर परत देतंय."

वाडीत त्यांनी एकेक चाकू बाहेर काढून पाहिला. माझा हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणाक मारूचा आसा?"

मी मान हलवली.

"मगे ह्ये दात कित्याक? आणि ह्या काय, होकायंत्र? वाट चुकलंस तर चाकवाक इचारतलंस?"

सगळे खो खो हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उस्तादांनी ते पाहिलं असावं, कारण चेष्टा सोडून त्यांनी सुरूचा एक वाळका ओंडका उभा केला, माझा चाकू त्यावर आडवा ठेवला आणि पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकलं. लाकूड उभं चिरण्याची ती रीत. दुसऱ्या टोल्याला दांडक्याची सालपटं निघाली, कारण पाठीवर दात. तिसऱ्या टोल्याला पातं मुठीत खिळखिळं झालं. मग त्यांनी स्वतःचा चाकू काढला. साधा, पंज्याएवढ्या पात्याचा, चामड्याच्या चकत्यांच्या मुठीचा. "सरकारी होतो तो जमा केलंय. ह्यो छावणीच्या बाजारातलो, पण त्याच घाटाचो," ते म्हणाले. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं होतं. चार टोल्यांत ओंडक्याच्या दोन फळ्या झाल्या.

"चाकू दिसूक कसो आसा ता बघू नकात. मुठीच्या आत काय आसा ता बघा."

त्यानंतर त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक लाकडी चाकू दिला. शिवणीच्या लाकडाचे, त्यांनी स्वतः कोरलेले, त्यांच्या चाकूच्या अगदी मापाचे. पहिला महिना लाकडी. लाकडी चाकूने घेर बघायचा, लाकडी चाकू म्यानातून काढायचा आणि घालायचा, लाकडी चाकू "घेतला" म्हणून घ्यायचा. मुलं वैतागायची. दर रविवारी सकाळी कुणीतरी विचारायचंच, "उस्ताद, आज लोखंड मिळेल?" आणि ते म्हणायचे, "अजून नाय."

माझी अडचण "घेतला" या शब्दाची होती. तो तोंडातल्या तोंडात निघायचा. उस्ताद मूठ सोडायचे नाहीत. दोघं चाकूची दोन टोकं धरून उभे.

"आयकाक येवक नाय."

"घेतला."

"मोठ्यान."

"घेतला!"

कॉलेजात माझा आवाज कुणी ऐकला नसेल, पण मनोरीच्या त्या वाडीतल्या कावळ्यांनी ऐकला आहे. एकदा परतताना होडीत ते शेजारी बसले आणि म्हणाले, "बोलणारी खूप आसत गो. बघणारा एक तरी व्हया." माझ्याबद्दल इतकं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं.

पुढची पाचसहा वर्षं मी त्यांच्याबरोबर जात राहिले. बाकीची मुलं आली आणि गेली. उस्तादांकडून मी काठीवर न तोडता पातळ, कुरळे काप काढत जायला शिकले. पिसासारखी झालेली ती काठी ओल्या हवेतही पेट घेते. तंबूच्या खुंट्या, दोरी अडकायची खाच, बांबूचा पेला, हे सगळं शिकले. हिरव्या फांदीला हात लावायचा नाही, पडलेलं लाकूडच घ्यायचं, हेही. आणि सगळ्यात जास्त धार. दगडावर पाण्याचे थेंब टाकून पातं एकाच कोनात फिरवत राहायचं. झाली की अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचं. धार असेल तर पातं नखावर अडतं. नसेल तर घसरतं.

"धारेचो चाकू सांगान कापता," ते म्हणायचे, "बोथट चाकू न सांगता." म्हणजे धार असली की जोर लागत नाही, पातं कुठे जाणार ते कळतं. बोथट असला की माणूस रेटतो, आणि रेटलेलं पातं निसटून हातावर येतं. पन्नास वर्षं चाकू हाताळून त्यांच्या हातावर एक वण नव्हता. तळवे उघडून ते अभिमानाने दाखवायचे. चाकू जमिनीत खुपसणाऱ्या मुलाला त्यांनी एकदा वाडीभोवती पळवलं होतं. "दगडार, जमिनीत पाता घातलंस तर धार गेली. आवशीच्या तोंडात माती घालतस काय?"

विसरणं हळूहळू आलं. आधी होडीची वेळ, मग मुलांची नावं. मनोरी बंद झाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि घरच्यांना काळजी घ्यायला सांगितलं. घरचे म्हणजे त्यांची सून वैशालीताई. मुलगा जहाजावर, वर्षातले आठनऊ महिने नाहीच. वैशालीताई घरी शिकवण्या घेते. दुपारपासून तिच्या बैठकीच्या खोलीत पाचवी-सहावीची मुलं असतात.

उस्ताद मात्र चाकूशी ठीक होते. सकाळी खिडकीत बसून पडलेल्या फांद्यांच्या खुंट्या तासायचे. कुणाच्या तंबूसाठी ते विचारायचं नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी तासलेल्या खुंट्यांची परडी भरलेली असायची. मधूनमधून हात कमरेवर जायचा, म्यान चाचपायचा आणि परत यायचा.

मग गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ते खाली गेले. आपली मुलं आलीत आणि पाऊस येतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. सोसायटीच्या बॅडमिंटनच्या जाळीच्या दोऱ्या त्यांनी कापल्या, पडलेल्या गुलमोहराच्या फांद्या बांधून कंपाउंडच्या भिंतीला टेकवून निवारा उभा केला. मी संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा तो तिथेच होता. सुंदर होता. एक थेंब आत येत नव्हता. पण शिकवणीला आलेल्या मुलांनी चाकू घेतलेला म्हातारा पाहिला होता, आणि दोन आयांनी मुलांना पाठवणं बंद केलं होतं. सेक्रेटरी वर येऊन वैशालीताईला म्हणाले, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

ती माझ्याकडे आली. रडत नव्हती, पण आतही आली नाही, दारातच उभी राहिली.

"तन्वी, तू घेऊन जा गं तो चाकू. नाहीतर मी गोराईच्या खाडीत टाकून येते."

"ते शोधतील ना ताई. दिवसभर कमरेला हात लावतात."

"मग काय करू? मुलं घरात असतात, यार. मी कुठे कुठे बघू?"

तिचं चुकत नव्हतं. उपाय मी सुचवला. चाकू राहू दे, मी फक्त त्याची धार घालवते.

दुसऱ्या दिवशी ते झोपले असताना मी म्यानातून चाकू काढला, इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि तिथल्या दगडी कठड्यावर पातं ओढलं. धारेवर उभं धरून, आडवं. धार कशाने जाते ते मला नीट माहीत होतं. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. वर येऊन चाकू म्यानात घातला तेव्हा ते झोपेतच होते, आणि हात कमरेवर आला, चाचपला, परत गेला. त्यांना बरं वाटलं असावं.

सकाळी त्यांनी नखावर पातं टेकवलं. घसरलं. मी समोरच होते. त्यांनी पातं उजेडात धरलं, परत नखावर लावलं, परत घसरलं.

"किती दिस झाले गो, मी ह्येका दगड दाखवूक नाय?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"माझीच हयगय," ते म्हणाले.

मग ते आठवडाभर दगड घेऊन बसले. पण एका कोनात हात फिरवत राहायला जे ध्यान लागतं ते आता टिकत नव्हतं. दहा वेळा ओढायचे, मग खिडकीबाहेर बघत राहायचे, मग भलत्याच कोनात सुरू करायचे. मी धार घालवली नसती तर त्यांचे हात तिला अजून वर्षभर सांभाळू शकले असते. नव्याने लावणं त्यांना जमण्यासारखं राहिलं नव्हतं. हे मला आधी कळायला हवं होतं. बघणारी म्हणून माझं कौतुक झालं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. बोथट पात्याने खुंटी तासताना त्यांनी रेटलं, पातं निसटलं आणि डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी शिरलं. टाके पडले. मी गेले तेव्हा ते बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. म्यान त्यांनी स्वतः कमरेवरून काढून वैशालीताईला दिलं होतं.

"हात संपले माझे," ते मला म्हणाले.

आम्हाला हवं होतं ते झालं होतं. चाकू गेला, घर सुरक्षित झालं, मुलं शिकवणीला परत आली. उस्तादांनी कमरेला हात लावणं सोडलं. खुंट्या सोडल्या. खाली जाणं, पेपर चाळणं, नाश्त्याला हाक मारली की उठणं, सगळंच सोडलं. वैशालीताई एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "मला शांतता हवी होती गं. ही नको होती."

मी त्यांना सांगितलं त्या रविवारी घरात ते आणि मी दोघंच होतो. मी मनात इंग्रजीत वाक्यं जुळवून आले होते. त्यांतलं एकही उपयोगी पडलं नाही.

"उस्ताद, चाकूची धार तुमच्यामुळे गेली नाही. मी घालवली. दगडावर ओढून."

ते माझ्याकडे बघत राहिले. "धार घालवूक तुका कोणी शिकवल्यान?"

"तुम्हीच."

मग त्यांनी दोन्ही तळवे उघडले, एक बँडेजचा, एक मोकळा. "मगे माझे हात?"

"ठीक होते. तुमचे हात ठीक होते, उस्ताद."

त्यांनी मुठी मिटल्या, उघडल्या. मी घरी गेले आणि मला हलकं वाटलं, हे कबूल करते.

पुढच्या रविवारी ते त्याच खुर्चीत होते. मला बघून म्हणाले, "हात संपले माझे." सांगितलेलं सगळं पुसलं गेलं होतं. उरली होती ती फक्त हार.

म्हणून मी परत सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी सांगते. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात आणि प्रत्येक वेळी वेगळं बोलतात. एकदा म्हणाले, "चल, भायर हो," आणि मी बाहेर झाले. एकदा मला शिक्षा केली. इमारतीला एक फेरी, पळत. ऑफिसला घालते त्या सलवार-कमीझमध्ये मी पळाले आणि ते खिडकीतून बघत होते. वॉचमनने विचारलं, "क्या हुआ मॅडम?" एकदा नुसतं म्हणाले, "भियालंस असशीत." घाबरली असशील. ती शिक्षा सगळ्यात जड गेली. यातलं त्यांचं खरं उत्तर कुठलं, ते मला कधीच कळणार नाही.

वैशालीताईकडून चाकू मागून घेतला आणि धार मी परत लावली. दोन रविवार लागले. ते शेजारी बसून सांगत होते, "कोन सोडू नको. घाई कसली? होडी चुकतली?" पातं माझ्या नखावर अडलं तेव्हा त्यांनी ते ओढून घेतलं, स्वतःच्या नखावर टेकवलं आणि पहिल्यांदा हसले.

वैशालीताईने अट घातली. लोखंडी चाकू माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर जाईल. मी समोर असेन तेवढाच वेळ त्यांच्या हातात. बाकी आठवडा म्यान रिकामं राहील. पण रिकामं म्यान त्यांनी कमरेला लावलं नसतं. काय घालायचं ते मला माहीत होतं. मनोरीला नेत असू त्या पत्र्याच्या पेटीत एक लाकडी चाकू उरला होता. म्यानात तो अचूक बसला. बसणारच, त्यांनीच मापाने कोरलेला.

ही अट ठरल्यावरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी निघताना मी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो तोलला, उलटा केला, अंगठा पात्यावरून फिरवला.

"लाकडी?"

"हो, उस्ताद."

मला वाटलं फेकतील. त्यांनी मान डोलावली, शिस्तीत. "म्हणजे माझो पयलो म्हयनो चालू आसा."

आता ते परत कमरेला म्यान बांधतात. आठवडाभर लाकडी चाकूने घेर बघतात. शिकवणीची मुलंही त्यांच्याबरोबर हात पसरून फिरतात, असं वैशालीताई सांगते. आणि रविवारी मी दारात दिसले की ते उठून उभे राहतात. फौजेत राहिलेला, बरीच वर्षं मुलांना शिकवलेला, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस, तो मला विचारतो, "आज लोखंड गावतला काय?"

मी म्हणते, मिळेल. "अजून नाय" मी कधी म्हणत नाही. तेवढंच माझ्या हातात आहे.

मग सकाळभर खुंट्या होतात. कापलेलं लाकूड कुरळं होऊन पायाशी पडतं. उन्हं खिडकीतून सरकली की ते स्वतःच थांबतात, पातं पुसतात आणि मूठ माझ्याकडे करून चाकू पुढे धरतात. मी मूठ धरते. काही रविवारी माझा आवाज निघत नाही. दोघं चाकूची दोन टोकं धरून उभे.

"आयकाक येवक नाय," उस्ताद म्हणतात.

"घेतला."

"मोठ्यान."